वाघबारशीचा हिशेब

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला बंदुकीची गोष्ट कुणी बंदुकीपासून सुरू करत नाही. ती पिकापासून सुरू होते. खाचरात भाताचा दाणा भरू लागला, वरच्या उतारावर नाचणी-वरई पिवळी पडू लागली, की रानडुकरांचे कळप रात्री उतरतात आणि सकाळपर्यंत अर्धं खाचर लोळवून जातात. मग माळा बांधायचा, खाली शेकोटी पेटवायची, डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. एवढं करूनही डुक्कर हटलं नाही, तर एक बार काढायचा. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी मला ही गोष्ट सांगितली ती याच क्रमाने. बंदूक शेवटी आली. पुढे मी ती पुष्कळदा ऐकली, त्यांच्याकडून आणि नंतर तिच्याकडून. क्रम कधी बदलला नाही.

ती बंदूक आता माझ्या घरी आहे. एकनळी, ठासणीची. दस्ता शिसवी, मुठीपाशी तडा गेलेला, तिथे पितळेची पट्टी ठोकलेली. नळीखाली लोखंडी गज. सोबत म्हशीच्या शिंगाचं दारूचं शिंग, तोंडाला लाकडी गुडदी. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ आणि लांब जाते. हिची नळी आतून साफ गुळगुळीत आहे. दारू, काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासणी, मग कानावर टोपी, मग घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. एवढं सगळं केल्यावर एक बार. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगर ओलांडून गेलेलं असतं. ज्याच्या हाती असं हत्यार आहे, तो आधी विचार करायला शिकतो.

माझी मैत्रीण गेली. जाण्याआधी तिने ही बंदूक माझ्या नावे करायची ठरवली. आमचं रक्ताचं नातं नव्हतं. ती महादेव कोळी समाजातली, डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहणारी शेतकरीण. मी जुन्नर शहरात वाढलेली, नोकरीच्या निमित्ताने तिच्या गावच्या शाळेत गेलेली शिक्षिका. पहिल्या पावसाळ्यात गावात राहायला जागा नव्हती, म्हणून तिच्या आईने मला पडवी दिली. चारचौघांत ती मला ‘बाई’ म्हणायची, रात्री चुलीपाशी ‘गं’. तिच्या वडिलांना सारं गाव ‘बाबा’ म्हणायचं, म्हणून मीही. त्या घरात बाबांची थोरली बहीण होती, वयाने फार म्हातारी. तिला सगळे ‘आत्या’ म्हणत. आमच्या जुन्नर-आंबेगावचा जो इतिहास मला माझ्या शाळेच्या पुस्तकात भेटला नव्हता, तो या दोघांनी मला त्या पडवीत सांगितला.

दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस असते, गायवासराची पूजा होते. डोंगरात त्याच दिवशी वाघबारस. रानाच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड असतो. गुराखी पोरं घरोघरी तांदूळ-दूध गोळा करतात, तिथेच खीर शिजते, एखादा पोरगा अंगाला पट्टे ओढून वाघ होतो आणि बाकीचे त्याला आरडाओरडा करून पळवतात. वर्षभर गुरं राखली, पोरं राखली, म्हणून वाघाचे उपकार मानायचे. मी पहिल्यांदा गेले त्या वर्षी, खीर वाटून झाल्यावर बाबा उठले. डोक्याची टोपी सारखी केली आणि दगडाकडे तोंड करून बोलले, “औंदा तीन बार झालं. दोन डुकरं हटवाया, वरच्या वर. येक कोरडा, नळी साफ कराया. जनावर येकबी पडलं न्हाय. मानसाच्या अंगावर धरली न्हाय. दारू शिंगात निम्मी हाय.” एवढं बोलून ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही विचारलं नाही. लोक आपापल्या खिरीकडे वळले.

घरी येताना मी मैत्रिणीला विचारलं, हे दर वर्षी होतं का? ती म्हणाली, “तर गं! बंदूक ज्याच्या घरात, त्यानं सांगायचंच. गाव तिच्या आवाजानं जागं व्हतं, मंग गावाला कळाया नको?”

मला वाटतं, मी त्या घराशी आयुष्यभरासाठी बांधली गेले ती त्या दिवशी. आपण शस्त्राचा अभिमान सांगणारी माणसं पुष्कळ पाहतो. शस्त्राचा हिशेब देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

हा हिशेब कुठून आला, हे बाबा सांगायला लागले की ते शिवनेरीपासून सुरुवात करायचे. मी जुन्नरची. शिवनेरी माझ्या घराच्या खिडकीतून दिसायची. १६३० साली तिथे शिवरायांचा जन्म झाला, हे कळण्याआधीच मी तो गड चढले होते. शिवाई देवी, जन्मस्थानाची इमारत, कडेलोटाचं टोक, सगळं पाठ. गडाच्या माथ्यावर एक चौथरा आहे, कोळी चौथरा. त्याच्या बाजूने मी लहानपणी पळाले असेन, थांबले मात्र कधी नव्हते. बाबांनी मला तिथे थांबायला शिकवलं.

सतराव्या शतकाच्या मध्याला मोगलांनी या डोंगरपट्ट्यात जमिनीची मोजणी करून सारा बसवायचा घाट घातला. बावन्न मावळांतले कोळी नाईक खेमी नाईकाच्या मागे उभे राहिले. बंड मोडलं. पकडलेल्यांना जुन्नरला आणून मारलं, मुंडक्यांची रास घातली आणि तिच्यावर चौथरा बांधला. लोक त्याला काळा चबुतरा म्हणू लागले. इंग्रजांनी १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही हकिगत आहे. बाबांनी गॅझेटियर पाहिलेलं नव्हतं. त्यांना ती त्यांच्या आज्याने सांगितलेली. ते म्हणायचे, “सरकारनं आमची डोकी मोजून ठिवली. आमी काय मोजून ठिवलं? आपलं आपन मोजावं मानसानं.”

पुढची गोष्ट राघोजी भांगरे यांची. ते अकोल्याकडच्या देवगावचे, पण त्यांच्या बंडाचं रान घाटमाथ्यावर जुन्नर-आंबेगावपर्यंत पसरलेलं. सावकार आणि सरकार या दोघांशी उघड वैर. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यानंतर दहा वर्षं होत नाहीत तोच १८५७ चा वणवा पेटला. तेव्हा याच सरकारला याच डोंगरातल्या माणसांची गरज लागली. नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने सहाशे कोळ्यांची पलटण उभी केली. हिरवे पटके, हिरव्या बंड्या, पायात वहाणा, हातात संगिनीची हलकी बंदूक. नाईकांच्या कुळांतलेच लोक तिचे अंमलदार. काम संपलं, तशी १८६१ मध्ये पलटण मोडली. बंदुका परत घेतल्या आणि माणसं आपापल्या खाचरांत परत गेली.

बाबा हे सांगताना थांबायचे. त्यांना त्यात अपमान दिसायचा, पण त्याहून मोठं काहीतरी दिसायचं. ज्याच्या हातून बंदूक कुणीही केव्हाही काढून घेऊ शकतं आणि केव्हाही देऊ शकतं, तो माणूस शिपाई नसतो आणि बंडखोरही नसतो. तो दुसऱ्याच्या मर्जीने कधी हे, कधी ते ठरतो. स्वतःचं हत्यार स्वतःच्या शब्दाने बांधून ठेवणं, हे त्यावरचं त्यांच्या घराण्याचं उत्तर होतं.

आत्याची गोष्ट वेगळी. ती होन्याची सांगायची. होन्या भागोजी केंगले, गाव जांभोरी, याच तालुक्यातलं. १८७३ च्या सुमारास तो सावकारांविरुद्ध उठला. हिरडा सावकाराच्या भावाने जायचा, भात त्याच्या मापाने. कर्ज कागदावर वाढत जायचं आणि तो कागद वाचणारं गावात कुणी नसायचं. होन्याची माणसं रात्री सावकाराच्या वाड्यात शिरायची. सरकारी कागद त्यांनी कापलेल्या नाकांबद्दल बोलतात. आत्या जाळलेल्या वह्यांबद्दल बोलायची. ती म्हणायची, “माझी आजी भाकऱ्या थापायची. कुनासाटी, इचारायचं न्हाई. पिठाचा डबा उघडा दिसला का समजायचं, रातीला कुनीतरी यून गेलं.” त्याला धरून देणाऱ्यासाठी सरकारने इनाम लावलं. १८७६ साली मेजर डॅनियलने होन्याला पकडलं. याच डॅनियलने तीन वर्षांनी, १८७९ च्या जुलैत, वासुदेव बळवंत फडक्यांना विजापूरकडे गाठलं.

होन्याचं बंड आणि दख्खनचे दंगे एकाच काळातले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा आणला. त्याच्या आधीच्या वर्षी, १८७८ मध्ये, शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं, गोऱ्यांना त्यातून सूट. डोंगरातल्या घराघरांतून बंदुका गेल्या. कुणी जमा केल्या, कुणी रानात पुरल्या.

मी एकदा उत्साहाने बाबांना विचारलं होतं, ही बंदूक होन्याच्या माणसांपैकी कुणाची असेल का? असा वारसा कुणाला नको असतो! बाबांनी लगेच मान हलवली. “न्हाय बाई. होन्याच्या बंदुका सरकारनं नेल्या. ही परवान्याची हाय. माझ्या आज्यानं पीक राखाया मागून घेतलेली. खोटं कुळ लावू ने बंदुकीला.” मग त्यांनी आढ्यावरून पत्र्याचं नळकांडं काढलं. त्यात परवान्याचे कागद होते, एकावर एक गुंडाळलेले, वरचा नवा, आतले पिवळे. हिरड्याच्या पैशांतून नूतनीकरणाची फी भरलेली. बंदुकीइतकीच माया त्यांनी त्या नळकांड्यावर केली. बंड करणाऱ्यांच्या गोष्टी ते अभिमानाने सांगत आणि कायद्याने दिलेला कागद जिवापाड जपत. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे, आणि आता मलाही वाटत नाही. ज्यांनी हत्यार हिरावलं जाताना पाहिलं, त्यांना हत्यार उजळ माथ्याने घरात ठेवता येण्याची किंमत कळते.

बाबांच्या स्वतःच्या आठवणीतली गोष्ट एकच होती. आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकणाचं रान उघडतं. गोरखगड, मच्छिंद्रगड आणि त्यापलीकडे सिद्धगड. १९४२ मध्ये माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आझाद दस्ता घेऊन या रानात उतरले होते. त्याआधी त्यांनी कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात त्यांना गाठलं आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. बाबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. ते सांगायचे, त्या थंडीत घाटाखालून वर येणारा प्रत्येक वाटसरू तीच बातमी घेऊन यायचा आणि घरातली बंदूक काही काळ सरकारात जमा होती. त्या वर्षी डुकरांनी भात खाल्लं. “खाऊंद्या म्हनला माझा बा. औंदा बंदूक घरात नसल्याचं वाईट न्हाई वाटत.”

याच तालुक्याने बाबू गेनूही दिला. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाच्या ट्रकपुढे रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि त्याखाली मेला. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. त्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. बाजारपेठ, देवळं, घोड नदीचा काठ. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या भिंती आणि दगडी बांधकामं वर येतात. माझ्या मैत्रिणीच्या घरचीही खालची खाचरं पाण्यात गेली आणि घर वर सरकलं. सामान हलवताना बाबांनी आधी धान्याची कणगी नेली, मग देव, मग बंदूक. परवान्यावरचा पत्ता बदलायला ते स्वतः तालुक्याच्या ठिकाणी, घोडेगावला गेले. मैत्रीण म्हणायची, “आमच्या तालुक्यात बंदूकवाल्यांच्या गोष्टी लई, पन पान्याला नाव बिनबंदुकीवाल्याचं.” हे ती कौतुकाने म्हणायची.

बाबा गेल्यावर परवाना तिच्या नावे झाला. एकुलती एक लेक. भावकीतल्या काहींना वाटलं, बाईमाणसाला बंदूक कशाला, पुतण्याच्या नावे करावी. ती म्हणाली, “राखन म्याच करते ना? मंग?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. नवरा लवकर गेल्यापासून माळ्यावर रात्री तीच काढत होती. वाघबारशीला दगडासमोर उभी राहून हिशेब सांगणारी त्या गावातली ती पहिली बाई. मी त्या दिवशी होते. तिचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, नंतर नाही.

तिने दोन गोष्टी बदलल्या. लग्नात, वरातीत, जत्रेत बार काढायची जुनी पद्धत होती, ती तिने बंद केली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या प्रसंगी केलेल्या अशा बेफिकीर गोळीबाराला शिक्षा ठरवली. तिने ते कायद्याच्या फार आधी केलं, एका वरातीत छर्रे पत्र्यावर आदळले तेव्हापासून. दुसरी गोष्ट, डुकरावरही ती नेम धरत नसे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपवले होते. १९८५ साली शेकरूसाठी भीमाशंकरचं अभयारण्य झालं, तेव्हा रान कुणाचं हा प्रश्न प्रत्येक घरात आला. तिच्या घरातही आला, भांडणही झालं. पण बार वर काढायचा, आवाजासाठी काढायचा, हे तिने पक्कं केलं.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला सांगितलं जायचं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. दर वेळी ती बंदूक गोधडीत गुंडाळून एसटीने घोडेगावला जायची आणि पावती कमरेच्या पिशवीत घालून परत यायची. कंडक्टर ओळखीचे झाले होते. गोधडी दिसली की विचारायचे, “मावशी, इलेक्शन लागलं का?” निकालानंतर ती बंदूक घेऊन यायची, तेव्हा तिला आमच्या जुन्नरच्या घरी मुक्कामाला बोलवायचा मी हट्ट धरायचे. ती कधी आली नाही. बंदूक घेऊन पाहुणी म्हणून कुणाच्या घरी जायचं नाही, हाही बाबांचाच नियम.

तिला आजार झाला, तो लवकर न कळलेला आजार. मुलगा चाकणला कंपनीत नोकरीला. चांगला मुलगा, आईची सेवा मनापासून केली. पण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात बंदूक ठेवायची, कपाट करायचं, नूतनीकरणाला खेटे घालायचे, हे त्याला झेपणारं नव्हतं आणि शेत आता अर्धलीने दिलेलं. तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, “बाई, तुझी आपटाळ्याच्या अंगाला सासरची खाचरं हायेत. डुकरं तिथंबी येतात. तू घे.”

मी मैत्रीण होते, कायद्याला मैत्री कळत नाही. शस्त्र कायद्यात वारस म्हणजे नवरा, बायको, मूल, भावंडं अशी घरची माणसं. मित्राला आपलं हत्यार मरणोत्तर देता येत नाही. देणाऱ्याने जिवंतपणी पंचेचाळीस दिवस आधी सूचना द्यायची आणि घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असायला हवा. १९५९ च्या कायद्यात शेताच्या राखणीसाठी मागितलेल्या ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. खरोखर शेत असेल, अर्जदारात काही वावगं नसेल, तर असा परवाना द्यावा असं कायदाच सांगतो. मी अर्ज केला. सातबारा जोडला, डॉक्टरांचा दाखला जोडला, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतलं. चौकशीला आलेल्या हवालदारांनी पडवीत बसून चहा घेतला आणि विचारलं, “बाई, या वयात बंदूक कशाला?” मी त्यांना खाचरं दाखवली. डुकरांनी उकरलेला बांध दाखवला. मग बाबांची गोष्टही सांगितली. ते ती शेवटपर्यंत ऐकत बसले.

तिची सूचना गेली, माझा परवाना मात्र तिच्या हयातीत आला नाही. ती गेली त्या आठवड्यात बंदूक ठाण्यात जमा झाली आणि मुलाने ना हरकत लिहून दिली. पण त्याआधीच, एका दुपारी, तिने मला जवळ बसवून हिशेब सांगितला होता. त्या वर्षाचा सांगितला आणि मग मागे जात राहिली. स्वतःची सगळी वर्षं, बाबांची तिला पाठ असलेली वर्षं, बाबांनी त्यांच्या बापाची सांगितलेली वर्षं. कुठल्या साली किती बार, कशासाठी. कुठल्या साली एकही नाही. एका वर्षी एक बिबट्या गोठ्यापाशी वासरू धरून बसला होता आणि बाबांनी भरलेली बंदूक खाली ठेवून पलिते पेटवले होते. ते वर्ष ती दोनदा बोलली. मधे मधे दमायची, पाणी मागायची, पुन्हा सुरू करायची. मी वहीत लिहून घेऊ लागले, तर तिने हात धरला. “लिवू नको, ध्येनात ठेव. हिशेब तुज्याकडं दिला. बंदूक मागनं यील.”

ती आली. पण ज्या काळात ती माझ्याकडे आली, त्या काळाबद्दल मला बोललंच पाहिजे. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेला कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला, तिथेच व्याला आणि राहिला. २००१ नंतरच्या काही वर्षांत इथले बिबटे पकडून दूर नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की त्यानंतर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झालं. पिंजरे वाढले. तरी २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत भागात तीन माणसं गेली. त्यांत दोन मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले आणि वनखात्याने बोलावलेल्या नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. ज्या आईचं मूल गेलं, तिला वाघोबाचे उपकार मान असं सांगायला कुणीही जाऊ नये. मीही जाणार नाही.

पण आता गावागावांत पोरं म्हणतात, आम्हाला परवाने द्या, बंदुका द्या, आम्ही बघून घेतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीही काहीजण म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. त्यांना मी बंदूक काढून दाखवते. ती भरायला किती वेळ लागतो, दाखवते. उसाच्या फडात पाच हातांवरचं दिसत नाही. तिथे घाबरलेल्या माणसाने काढलेला बार बहुतेक वेळा बिबट्याला जखमी करेल आणि जखमी बिबट्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात येईल. किंवा तो बार फडाच्या पलीकडे कोयता चालवणाऱ्या बाईला लागेल. माणसावर हल्ले करणाऱ्या जनावराचं काय करायचं, ते कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकावर सोपवलं आहे. त्याच्याकडून ते काम वेळेवर करून घेणं हा आपला हक्क आहे. त्यासाठी मोर्चा काढावा, मीही येईन. बंदिस्त गोठा, शेतावर दिवसा वीज, संध्याकाळी पोरांना एकटं न सोडणं, हे सगळं मागावं आणि करावं. बंदूक हे त्या यादीतलं शेवटचं आहे. बाबांच्या गोष्टीतही ती शेवटीच यायची.

आणि ज्यांना तरीही बंदूक हवी आहे, त्यांना मी एक अट सांगते. वर्षातून एकदा गावासमोर उभं राहून प्रत्येक बाराचा हिशेब द्यायची तयारी असेल तरच मागा. ज्याला हे जड वाटेल, त्याच्या हातात ती जाऊ नये. खेमी नाईकापासून भाई कोतवालांपर्यंत ज्यांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या, त्या माणसांनी आपल्या हत्याराची किंमत स्वतःच्या जिवाने दिली. आम्हाला तेवढं मोठं काही मागितलेलं नाही. खरं बोलणं तेवढं मागितलं आहे.

परवाना आल्यानंतरची पहिली वाघबारस मी तिच्या गावात केली. दगडासमोर उभी राहिले आणि सांगितलं की, औंदा बंदूक ठाण्यातून घरी आली, एकही बार झाला नाही, शिंग रिकामं आहे. बाहेरची बाई म्हणून कुणी हसेल का, अशी भीती होती. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, “आन् तुमच्या मागनं कुनाला?”

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मैत्रिणीची नात चाकणच्या शाळेत शिकते. सुट्टीत आली की माझ्याकडे राहते. एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत कायदा तिला परवाना देणार नाही आणि पुढे तिला तो नकोही असेल. तो तिचा निर्णय असेल. बंदूक नको म्हणाली तर मी ती रीतसर सरकारजमा करीन. हिशेब मात्र मी तिला आतापासून शिकवते आहे, एकेक वर्ष करून, तोंडी. तिच्या पणजोबांनी भरलेली बंदूक खाली ठेवून पलिते पेटवले, त्या वर्षापर्यंत आम्ही पोचलो आहोत.